चाळीस सेकंदांची झोळी आणि ट्यूलिपचे कांदे

आणि त्या झोळीत मी फक्त चाळीस सेकंद होतो. हे मी ताईला मे महिन्यापासून सांगतोय. मेसेजमध्ये लिहिलं, आईच्या तोंडून कळवलं, आता इथे सगळ्यांसमोर लिहितो. चाळीस सेकंद. त्यातले दहा तर वर चढण्यात गेले, कारण दोन झाडांना बांधलेली ती जाळीची झोळी, जिला हॅमॉक म्हणतात, बसणाऱ्याला आधी एकदा खाली पाडल्याशिवाय आत घेत नाही. उरलेल्या तिसांत मला आकाशाकडे बघायला सांगितलं होतं. त्या दिवशी मी पहाटे साडेपाचपासून नऊ तास शेतात वाकून अ‍ॅस्परॅगसचे कोंब कापले होते, आणि झोळीतून उतरल्यावर भांडी घासली. त्याचं शूटिंग कोणी केलं नाही.

ज्यांना हे भांडण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

मी पेडण्याचा. शाळा नववीत सोडली. शाळेला त्याचं फार वाईट वाटलं नाही. आजोबा गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना जन्मले, त्यांच्या दाखल्यावरून आधी बाबांचा आणि मग माझा पोर्तुगालचा पासपोर्ट झाला. त्या पासपोर्टवर युरोपात कुठेही काम करता येतं. पासपोर्ट हातात आल्यापासून माझे पाय एका जागी थांबलेले नाहीत. लिस्बनला सहा महिने काढले, तिथे लायसन केलं, आणि गेले दोन हिवाळे मी रॉटरडॅमच्या एका गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवतोय.

माझी मोठी बहीण, शुभांगीताई, घरामागच्या शेडमध्ये शेजारच्या दोन बायकांना घेऊन काजू फोडते. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते बोटांना लागलं की कातडी काळी पडते, मग सोलवटून निघते. ताईच्या बोटांवर आता ठसे उमटत नाहीत. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन तिला ओळखत नाही. टरफल कापणारं एक यंत्र येतं, त्यात हात लावावा लागत नाही. किंमत एक लाख ऐंशी हजार. गणपतीच्या आत पैसे पाठवतो, असा शब्द मी तिला दिला होता. मग ती झोळी आली.

झोळी आणली अनिरुद्धने. अनिरुद्ध पुण्याचा, मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात पर्यावरणातलं काहीतरी शिकला, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला इथे जे एक वर्ष मिळतं त्या वर्षात गोदामात माझ्या शेजारी खोकी चिकटवायला आला. तो मला भाऊ म्हणतो. त्याचं म्हणणं असं की माणसाने चार भिंतींत अडकू नये, जुनी व्हॅन घ्यावी, हंगामाप्रमाणे शेतात काम करत देश बघावा. मी म्हटलं, आमच्याकडे याला मजुरी म्हणतात. तो म्हणाला, फरक दृष्टिकोनाचा आहे भाऊ. व्हॅन त्याने घेतली, तीन हजार दोनशे युरोंना. आधी ती एका प्लंबरची होती; पांढऱ्या रंगाखालून नळाचं चित्र अजून दिसतं. त्याच्याकडे इथे चालणारं लायसन नाही, म्हणून दृष्टिकोन त्याचा आणि स्टिअरिंग माझं.

हे वाचून कोणाला व्हॅन घ्यावीशी वाटली तर थोडी माहिती देतो. गाडीची वार्षिक तपासणी झाली आहे का ते आधी बघा, नाहीतर स्वस्तात घेतलेली गाडी महागात उभी राहते. जुनी डिझेल गाडी काही मोठ्या शहरांच्या आतल्या भागात नेता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, या देशात रस्त्याच्या कडेला गाडी लावून आत झोपणं चालत नाही. रीलमध्ये जी गाडी तळ्याकाठी एकटीच उभी असते, ती तिथे रीलपुरतीच असते. शूटिंग झालं की सगळे अठरा युरो भरून शेतकऱ्याच्या कॅम्पिंगवर येतात आणि अंघोळीचं नाणं कोणाकडे आहे विचारत फिरतात.

पहिला मुक्काम दक्षिणेला, लिंबुर्गमध्ये. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या चोवीस तारखेपर्यंत तिथे पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा हंगाम. वाळूचे उंच वाफे, त्यांवर काळं प्लास्टिक. कोंबाला ऊन लागलं की तो रंग बदलतो आणि भाव उतरतो, म्हणून तो मातीतून डोकं काढायच्या आत गाठायचा. प्लास्टिक उचला, मातीला गेलेली बारीक भेग शोधा, दोन बोटांनी खणा, लांब सुरीने खालून कापा, खड्डा बुजवा, माती थापून सारखी करा, एक पाऊल पुढे. आजूबाजूला पोलंड आणि रोमानियाची माणसं. ती ओळ संपवून सिगारेट ओढायची तेव्हा मी अर्ध्यावर असायचो आणि अनिरुद्ध सुरुवातीला, मातीशी नातं जोडत.

ही भाजी इथे लोक हॅम, अंडं आणि वितळलेलं लोणी घालून खातात आणि खाताना डोळे मिटतात. मला ती शेवग्याच्या शेंगेसारखी लागली, शेंगेतून शेवगा काढून टाकल्यावर. मी गाडीत ओल्या खोबऱ्याचं वाटप, म्हणजे वाटण, घालून केली. खोबरं फ्रोझन, आशियाई दुकानातलं, पाव किलोला तीन युरो. शेजारच्या तंबूतला रोमानियाचा फ्लोरिन वास घेत आला, दोन ताटं खाऊन गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने माझ्या ओळीतले थोडे कोंब कापून मला पुढे ओढायला सुरुवात केली.

एका रविवारी मास्ट्रिख्ट पाहिलं. अनिरुद्धने आपलं विद्यापीठ दाखवलं, जुना पूल दाखवला, एका चर्चमध्ये चाललेलं पुस्तकांचं दुकान दाखवलं. नदीकाठी बसून कॉफी प्यायलो. बिल आलं तेव्हा मी मनातल्या मनात काजू मोजले. गाव सुंदर आहे, जरूर जा. डबा घेऊन जा.

त्याच आठवड्यात ती झोळी. अनिरुद्धने रील टाकली: निळं आकाश, झोळीत मी, मागे कोणतंतरी टुणटुण वाजणारं वाद्य, आणि वर इंग्रजीत, ज्याचा अर्थ असा की आम्ही शर्यत सोडली आणि जगायला लागलो. पुण्यात त्याच्या मित्रांना आवडली. फिरत फिरत ती आमच्या वाडीत पोचली. ताईला शेजारणीने दाखवली, काजू फोडता फोडता.

ताईचा फोन जेवणाच्या सुट्टीत आला. तिने आवाज चढवला नाही. विचारलं, दमलंस काय रे? मी म्हटलं, हो, कंबर गेली. ती म्हणाली, "व्हय तर. झोपान झोपान कंबर जातली." मग म्हणाली, "तुझ्या मजेचे पैशे माका नको."

त्यानंतर तिने फोन उचलणं बंद केलं. आईकडून कळलं की यंत्रवाल्याला ती नको म्हणून सांगणार आहे, हाताने फोडणार आहे, बोटं आहेत तोवर. मी अनिरुद्धला रील काढून टाकायला सांगितली. तो मनापासून हळहळला आणि म्हणाला, काढतो भाऊ, पण चाललीये छान.

चोवीस जूनला अ‍ॅस्परॅगस संपले आणि आम्ही उत्तरेला निघालो. ए-टू हायवेने अडीच-तीन तास. रस्ता इतका सरळ की स्टिअरिंगला काम नाही. टोल नाही, खड्डा नाही, मध्ये गाय नाही. झोप येते, खिडकी उघडी ठेवा. पुढचा मुक्काम नीउ-व्हेनेप; तिथल्या आसपासची जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. शेताच्या कडेने कालवा जातो आणि त्यातली बोट तुमच्या डोक्यापेक्षा वर असते. पहिल्या दिवशी घाबरायला होतं. दुसऱ्या दिवशी ट्यूलिपचे कांदे सोलायला बसलो की बोट वगैरे आठवत नाही.

नीउ-व्हेनेपला अनिरुद्धची मृणालवहिनी राहते, त्याच्या चुलतभावाची बायको. नवऱ्याच्या नोकरीमागे दहा वर्षांपूर्वी आली, आता लहान दुकानदारांचे हिशेब लिहायचा तिचा स्वतःचा धंदा आहे. घरचीच म्हणून आम्ही न कळवता दारात गाडी लावली. वहिनीने खिडकीतून पाहिलं, फोन केला, आणि प्रेमाने सांगितलं की रविवारी चार ते सहा मोकळी आहे. तो गुरुवार होता. तोवर आम्ही दारातच गाडीत झोपलो. रविवारी चारला बेल वाजवली तर पोहे तयार, कॉफी, सोबत प्रत्येकी एक बिस्किट. वहिनी हसून म्हणाली, दुसरं हवं तर सांग, मी इतकी डच नाही झालेले अजून. तिच्या मुलीला मराठी सगळं कळतं पण ती उत्तर डचमध्ये देते. तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. वहिनीने मराठीत सांगितलं, ती विचारतेय, तुम्ही गाडीत राहता तर पत्रं कुठे येतात? बरोबर सहाला आम्ही उठलो. गाडीच्या काचेवर शेजाऱ्याची चिठ्ठी होती, फार सभ्य: ही गाडी गुरुवारपासून इथे आहे, सगळं ठीक आहे ना? इथे याचा अर्थ निघा असा होतो, वहिनीने सांगितलं. पुन्हा अठरा युरोवालं कॅम्पिंग.

आता ट्यूलिप. घरी सगळ्यांना वाटतं मी फुलांच्या मळ्यात काम करतो. मी नेदरलँड्समध्ये एकही ट्यूलिप उभं पाहिलेलं नाही. फुलं एप्रिलमध्ये येतात, लोक फोटो काढतात, आणि मग यंत्र फिरवून सगळी मुंडकी उडवतात, म्हणजे जोर खालच्या कांद्यात जातो. माल तो कांदा. उन्हाळ्यात तो काढतात, वाळवतात, आणि मोठ्या शेडमध्ये टेबलावर ओततात. आपण बसून जुनी साल काढायची, मुळं तोडायची, आई कांद्याला चिकटलेली पिल्लं वेगळी करायची. मोठे विकायला, लहान पुन्हा जमिनीत. दिवसभर धूळ, रेडिओ, आणि सालींचा कुरकुर आवाज. ताशी पगार असतोच; ठरलेल्यापेक्षा जास्त क्रेट भरले तर वर काहीतरी मिळतं. काजूच्या यंत्राचे पैसे मी त्या वरच्या पैशांवर धरले होते. ताई नको म्हणाली तरी मी धरलेच होते.

मालक विलेम, सहा फुटांच्या वर, कमी बोलणारा. त्याने पहिल्याच दिवशी हातमोजे दिले आणि सांगितलं, काढू नका. ट्यूलिपच्या कांद्यात काहीतरी असतं, त्याने बोटं सुजतात, भेगा पडतात. मोज्यांनी माझा वेग अर्धा झाला. मी ते काढले. पाचव्या दिवशी नखांखाली आग, आठव्या दिवशी अंगठे फाटले. शर्टाचं बटण लावता येईना.

मग मला ताईची आठवण झाली. म्हणजे तिच्या हातांची. लहानपणापासून बघतोय, काजू फोडायला बसायच्या आधी ती हाताला तेल चोळते. मला वाटलं, अरे, हे आपल्या घरचं काम आहे, यांना काय कळतंय. कॅम्पिंगवरून खोबरेलची बाटली आणली आणि सकाळी कोपरापर्यंत माखून बसलो. आग थांबली. बोटं भराभर चालायला लागली. त्या दिवशी मी अकरा क्रेट भरले. माझ्या शेजारी रीट म्हणून सत्तरीची बाई बसते, दहा वर्षांची असल्यापासून कांदे सोलते, तिनेसुद्धा मान वळवून पाहिलं.

संध्याकाळी विलेम क्रेट बघत फिरत आला आणि माझ्या रांगेशी थांबला. वास घेतला. त्याला आधी वाटलं कोणीतरी सनस्क्रीन सांडलंय. मग त्याने एक कांदा उचलला. तो चकाकत होता. दुसरा, तिसरा, सगळेच, पॉलिश केल्यासारखे, आणि प्रत्येकावर शेडमधली धूळ घट्ट बसलेली. वाळवलेला कांदा कोरडा हवा. तेल लागलं की बुरशी धरतो, आणि एकाची दुसऱ्याला लागते. हे मला त्याने नंतर समजावलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला की हे अकरा क्रेट विकता येणार नाहीत, आज शुक्रवार आहे, सोमवारी यायचं की नाही ते मी कळवतो. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

अजून सहा आठवड्यांचं काम बाकी होतं. ते गेलं तर यंत्र गेलं, आणि मग मी झोळीतच होतो म्हणायला ताई मोकळी.

शनिवारी मी गाडीच्या मागच्या पायरीवर हात पुढे धरून बसलो होतो. अनिरुद्धने मोबाइल काढला. मी म्हटलं, आता याचं पण? त्याने शूटिंग सुरू केलं. फक्त माझे हात घेतले, चेहरा नाही, वाद्य नाही. भेगा, काळी नखं, तेलाने चमकणारे पंजे, बाजूला खोबरेलची बाटली. वर मराठीत लिहून रील टाकली: ज्यांना झोळी आवडली त्यांच्यासाठी. या माणसाला मी उगाच नावं ठेवतो असं मला कधीकधी वाटतं, पण रविवारी सकाळी त्याने त्यालाच खाली "प्राचीन भारतीय उपाय" असं जोडलं आणि माझं मत परत जागेवर आलं.

रविवारी दुपारी ताईचा फोन आला. व्हिडिओ कॉल. तोंड बघायच्या आधी तिने हात दाखवायला सांगितले. उलटे कर. सुलटे कर. अंगठा जवळ आण. मी सगळी गोष्ट सांगितली, अकरा क्रेट, बुरशी, सोमवार. ती ऐकत होती. मग मी चौथीचा धडा विसरल्यासारखं तोंड करून म्हणाली, "तेल लावलंस, ता बरा केलंस. राख खंय आसा?"

मी म्हटलं, कसली राख?

कसली राख म्हणे, ती मागे बसलेल्या बायकांना म्हणाली, आणि तिघी हसल्या. इतकी वर्षं तिच्यासमोर बसून काजू खाल्ले, पण बघितलं काहीच नाही. तेल चोळल्यावर वरून चुलीतली चाळलेली राख लावायची. तेल आत राहतं, हात कोरडा होतो, पकड बसते, मालाला डाग नाही. तेल तेवढं दिसलं मला, कारण ते चकाकतं. मी तिला सांगितलं की या देशात चूल नाही. ती म्हणाली, थंडी आसा मरे, कोण तरी लाकडा जाळीत असतलो. पैशाचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

विलेमचा मेसेज रात्री आला: ये, पण तेल नको. सोमवारी मी मोजे घालून गेलो आणि रीटला विचारलं, हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत. तिच्या घरी लाकडाची शेगडी आहे. गोगलगाई येऊ नयेत म्हणून वाफ्यात घालायला ती राख साठवते. मंगळवारी तिने पीनट बटरच्या रिकाम्या बरणीतून आणली. जेवणाच्या सुट्टीत मी विलेमसमोर तेल लावलं, राख लावली, पांढऱ्या कागदावर पंजा दाबून उचलला. कागदावर तेलाचा डाग नाही. एक क्रेट सोलून दाखवला. त्याने चार-पाच कांदे उजेडात धरले, कागदावर घासले, हुंगले, आणि म्हणाला, "याहून वाईट पाहिलंय." रीटने मला नंतर सांगितलं की यापेक्षा जास्त कौतुक त्याने लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

वाचणाऱ्यांना एक सांगून ठेवतो: तुम्ही हातमोजे घाला. राखेने माझी आग अर्धी कमी झाली, सगळी नाही. ज्यांनी लहानपणापासून कोणालातरी हे करताना पाहिलंय त्यांनीच करावं, आणि पाहिलं असेल तर नीट पाहावं.

ऑगस्ट संपत आला तेव्हा टेबलं रिकामी झाली. निघताना विलेमने मला एक पिशवी दिली, त्या अकरा क्रेटमधले पंचवीस कांदे. विकता येत नाहीत, पण लावून बघ म्हणाला. अनिरुद्ध बेटुवे भागातल्या बागांत नासपती तोडायला गेला, आता एका नव्या ड्रायव्हरला दृष्टिकोन शिकवतोय. पोचल्यावर मला फोटो पाठवला, शिडीवर चढलेला, खरोखर घामाघूम. झोळी त्याने माझ्याकडे ठेवली. मी रॉटरडॅमला माझ्या खोलीवर आलो. खोली तीन माणसांत, खिडकीतून ट्राम दिसते. पंचवीस कांदे खिडकीखालच्या कुंडीत लावले आहेत. तेल पिऊन बसलेत, उगवतील की नाही माहीत नाही. उगवले तर मी पहिल्यांदा ट्यूलिपचं फूल बघेन.

फिरलो का? लिंबुर्गपासून समुद्राच्या पातळीखालपर्यंत फिरलो. काय राहिलं, तर बोटांच्या भेगा भरल्यात, पण उजव्या अंगठ्याचा ठसा पुसट झालाय. फोन कधीकधी मला ओळखत नाही. ताईला हे सांगितलं तर ती हसली, आणि हसता हसता म्हणाली, "मशीनवालो गणपतीपर्यंत थांबतलो म्हणता."

तर ताई, हे तुझ्यासाठी. बँकेचं काम आज सकाळी केलं. यंत्राचे पूर्ण पैसे आहेत, आणि वर त्या झोळीचं भाडं, सेकंदाला एक रुपया धरून, म्हणजे ते भांडण मिटलं असं समज. पाठवलेत: एक लाख ऐंशी हजार चाळीस रुपये.